व्हीलला डायमंड मारणे म्हणजे नेमके काय?

बेंच ग्राइंडरवर, म्हणजे धार लावायच्या फिरत्या चाकाच्या यंत्रावर, पटाशी धरली, ठिणग्या उडाल्या, आणि दोन-तीन सेकंदांत पटाशीचे टोक आधी पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी निळे पडले, हा अनुभव सुतारकाम किंवा लेथकाम करणाऱ्या बहुतेकांना एकदा तरी आलेला असतो. निळे पडलेले टोक म्हणजे पाणी उतरलेले टोक. साध्या कार्बन पोलादावर हा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसला चढतो आणि तिथवर तापलेल्या धारेत पूर्वीचा कडकपणा उरत नाही. अशा वेळी दोष बहुधा हाताला दिला जातो. फार दाबलेस, मधूनमधून पाण्यात बुडवले नाहीस, असे ऐकवले जाते. तेही खरे असू शकते. पण ग्राइंडर बंद करून, व्हील, म्हणजे ते घासणारे चाक, पूर्ण थांबल्यावर त्याच्या कडेवरून बोट फिरवून पाहिले, तर पुष्कळदा खरे कारण बोटालाच कळते. जे खरखरीत लागायला हवे ते गुळगुळीत लागते, उजेडात तिरके धरले तर चमकते. असे व्हील धातू कापत नाही, नुसते घासते, आणि घासण्यातून उष्णतेखेरीज फारसे काही निघत नाही.

या गुळगुळीत झालेल्या किंवा झिजून वेड्यावाकड्या झालेल्या व्हीलला पुन्हा कामाजोगे करण्याच्या साधनाला ड्रेसर म्हणतात आणि त्या क्रियेला ड्रेसिंग. आपल्याकडच्या कारखान्यांत मात्र ‘व्हीलला डायमंड मार’ एवढेच म्हटले जाते, मग हातातला ड्रेसर हिऱ्याचा असो वा नसो. ही क्रिया म्हणजे व्हीलची साफसफाई, असा एक सार्वत्रिक समज आहे आणि तो अर्धवट आहे. ड्रेसिंग करताना आपण व्हील नुसते स्वच्छ करत नसतो. ते पुढचा तासभर कसे कापेल, भरभर आणि खरबरीत की सावकाश आणि गुळगुळीत, हेही त्या काही सेकंदांत ठरवत असतो. हे कसे घडते ते समजण्यासाठी आधी व्हीलच्या पोटात काय असते ते पाहू.

ग्राइंडिंग व्हीलची रचना समजायला कुरमुऱ्याच्या लाडवासारखे दुसरे उदाहरण नाही. लाडवात कुरमुरे असतात, त्यांना धरून ठेवणारा गुळाचा पाक असतो आणि मध्ये बरीचशी हवा असते. व्हीलमध्ये कुरमुऱ्यांच्या जागी अतिशय कठीण कण असतात, पाकाच्या जागी त्यांना जोडणारा बंध असतो, आणि मधल्या पोकळ्या लाडवाइतक्याच महत्त्वाच्या असतात, कारण कापून निघालेला धातूचा बारीक कीस क्षणभर त्या पोकळीत मावतो आणि कूलंट, म्हणजे घासताना गार ठेवण्यासाठी सोडलेले पाणीही, तिथूनच आत-बाहेर होते. पाक कच्चा राहिला तर लाडू हातात सुटतो आणि फार पक्का झाला तर दाताला फुटत नाही. व्हीलच्या बाबतीत हीच गोष्ट ‘ग्रेड’ या नावाने मोजतात. मऊ व्हील म्हणजे मऊ कणांचे व्हील नव्हे. ज्याचा बंध कण लवकर सोडतो ते मऊ, आणि जो कणांना घट्ट धरून ठेवतो ते कठीण.

व्हीलवर छापलेली ‘ए ६० के ५ व्ही’ अशी अक्षरे म्हणजे या लाडवाची कृतीच असते. ‘ए’ म्हणजे कण ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. ‘सी’ असेल तर सिलिकॉन कार्बाइडचे. ६० हा कणांचा आकार. एका इंचात ६० भोके असलेल्या चाळणीशी त्याचा संबंध आहे, म्हणजे कण सुमारे पाव मिलिमीटरचा. ‘के’ हा ग्रेड. ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत अक्षर जितके पुढचे तितके व्हील कठीण. ५ हा कणांच्या दाटीचा अंक आणि ‘व्ही’ म्हणजे बंध चिनी मातीच्या भांड्यासारखा भट्टीत भाजून काचेसारखा झालेला. शेवटचे अक्षर ‘बी’ असेल तर बंध राळेचा.

यातले ॲल्युमिनियम ऑक्साइड आपल्याला अनोळखी नाही. निसर्गात सापडणाऱ्या त्याच्या स्फटिकाला आपण कुरुंद म्हणतो, आणि माणिक व नीलम हे त्याचेच रंगीत भाऊबंद. इंग्रजी ‘कोरंडम’ हा शब्ददेखील भारतीय भाषांतल्या याच शब्दावरून गेलेला आहे. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांनी विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड बनवले तेव्हा त्यांना तो कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग वाटला, म्हणून त्यांनी त्याचे नाव ‘कार्बोरंडम’ ठेवले. समजूत चुकीची निघाली, नाव मात्र टिकले, इतके की आपल्याकडे कुठल्याही धार लावायच्या दगडाला आजही सर्रास कार्बोरंडम म्हणतात. भारतात हा उद्योग कोकण किनाऱ्यावर सुरू झाला; देशातली पहिली ग्राइंडिंग व्हील्स १९४१ साली उरणजवळच्या मोरा येथे दोन पारशी उद्योजकांनी बनवली, असे ग्राइंडवेल नॉर्टन ही कंपनी आपल्या इतिहासात सांगते.

आता हे कण काम कसे करतात ते पाहू. २०० मिलिमीटर व्यासाचे व्हील मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २९ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटरहून थोडा अधिक असतो. धातूशी संपर्क जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा धरला, तर प्रत्येक कण जॉबला, म्हणजे घासायच्या वस्तूला, सेकंदाच्या सुमारे तीस-हजाराव्या भागापुरताच शिवतो. तेवढ्यात तो आपल्या कोपऱ्याने धातूची सूक्ष्म चीप काढतो. ग्राइंडरखाली साचलेला काळा चुरा भिंगाखाली धरून पाहावा. त्यात लेथवर निघतात तशाच वेटोळ्या चिपा दिसतात, फक्त केसाहून बारीक. म्हणजे प्रत्येक कण हे एक स्वतंत्र हत्यार आहे, आणि कुठल्याही हत्याराप्रमाणे ते बोथट होते.

इथे व्हीलची खरी युक्ती आहे. कणाचा कोपरा झिजून सपाट झाला की त्याच्यावरचा जोर वाढतो. जोर एका मर्यादेपलीकडे गेला की एकतर कण तडकतो आणि नवा धारदार कोपरा उघडा पडतो, किंवा बंध त्याला सोडून देतो आणि मागचा ताजा कण पुढे येतो. सगळे जुळून आले तर व्हील कापता कापता स्वतःलाच धार लावत राहते. अडचण अशी, की सगळे क्वचितच जुळते.

व्हील कामाच्या मानाने फार कठीण असेल, किंवा आपण फार हलक्या हाताने घासत असू, तर बोथट कण सुटतच नाहीत. सगळ्यांची डोकी सपाट होऊन व्हील चकचकीत होते. याला ग्लेझिंग म्हणतात. दुसरा प्रकार व्हील भरण्याचा. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ असा मऊ धातू साध्या पोलादासाठीच्या व्हीलवर धरला की तो चिकट होऊन पोकळ्यांत जाऊन बसतो आणि करड्या व्हीलवर धातूचे लुकलुकणारे डाग दिसू लागतात. अशा भरलेल्या व्हीलवर जोर देत राहिले तर आत अडकलेला धातू तापून फुगतो आणि व्हीलला भेग जाण्याचा धोका संभवतो. म्हणून बेंच ग्राइंडरवर ॲल्युमिनियम धरणाऱ्याला जुने फिटर ओरडतात ते उगाच नाही. तिसरा प्रकार आकार बिघडण्याचा. प्रत्येक जण मधोमधच हत्यार धरतो, त्यामुळे तिथे खोबण पडते. कोपरे गोल होतात. आणि नवे व्हील चढवताना भोक व दांडा यांच्यात थोडी फट असल्यामुळे ते केंद्रापासून किंचित सरकून बसते, म्हणजे अगदी कोरे व्हीलसुद्धा फिरताना गोल फिरत नाही.

या दुखण्यांवर दोन वेगळे उपाय आहेत आणि त्यांची नावे कारखान्यात सरसकट एक केली जातात. व्हील आपल्या दांड्याभोवती अचूक गोल आणि कडेने सरळ करणे म्हणजे ट्रूइंग. बोथट कण व अडकलेला धातू काढून धार उघडी करणे म्हणजे ड्रेसिंग. साध्या व्हीलवर दोन्ही कामे एकाच साधनाने एकाच वेळी होतात, म्हणून फरक जाणवत नाही. हिऱ्याच्या व्हीलपाशी तो जाणवतो, त्याकडे पुढे येऊ.

सर्वांत साधा ड्रेसर बेंच आणि पेडेस्टल ग्राइंडरसाठी वापरतात, तो चांदणीचा. बिडाच्या दांड्याच्या टोकाला एका आडव्या पिनेवर कडक पोलादाच्या दातेरी, चांदणीसारख्या चकत्या सैलसर ओवलेल्या असतात. नवख्याला पहिला प्रश्न हाच पडतो, की पोलाद हे व्हीलच्या कणापेक्षा कितीतरी मऊ, मग पोलादाच्या चकत्या त्या कणांना कशा हलवणार? याचे उत्तर ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा किंवा जाते होते त्यांना ठाऊक असते. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला, खोबरे नुसते सरकू लागले, की टाकी लावणाऱ्या बाईला बोलावले जाई. ती पाट्यावर छिन्नी घासत नसे, ठोकत असे; प्रत्येक ठोक्यासरशी दगडाचा एक टवका उडे आणि वाटायला धरणारा खडबडीतपणा परत येई. चांदणीचा ड्रेसर हेच करतो, फक्त सेकंदाला शेकडो वेळा. चकत्या व्हीलच्या वेगानेच फिरू लागतात, त्यांचे दात व्हीलवर आपटतात आणि कण कापला न जाता त्याच्याभोवतीचा ठिसूळ बंध फुटून तो अख्खाच उखडतो.

म्हणूनच या ड्रेसरला हलका हात चालत नाही, आणि हलक्या हाताची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. दाब कमी पडला की चकत्या व्हीलच्या वेगाला पोचत नाहीत, घसरतात. मग व्हीलच चकत्यांना घासून खाते आणि पोलादाच्या लाल-पिवळ्या ठिणग्यांचा फवारा उडतो. फवारा मोठा दिसला म्हणजे काम चांगले चालले आहे असे वाटते, प्रत्यक्षात तेव्हा ड्रेसर झिजत असतो. योग्य रीत अशी, की टूल रेस्ट, म्हणजे व्हीलसमोरची हत्यार टेकवायची पट्टी, व्हीलपासून थोडा मागे सरकवून घट्ट आवळावा, ड्रेसरच्या डोक्याखाली असलेले हुक रेस्टच्या पुढच्या कडेला अडकतील असे त्याला टेकवावे, मूठ दोन्ही हातांनी धरावी आणि ग्राइंडर पूर्ण वेगाला आल्यावर ड्रेसर ठामपणे टेकवून एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सावकाश न्यावा. सुरुवातीला व्हीलचे उंच भागच लागतात, त्यामुळे खडखड असा तुटक आवाज येतो आणि हाताला धक्के बसतात. व्हील गोल होत गेले की तो आवाज सलग होतो आणि ठिणग्यांऐवजी करड्या चुऱ्याचा एकसारखा पडदा खाली पडू लागतो. कानाला हा फरक एकदा कळला, की थांबायचे केव्हा हे कुणी सांगावे लागत नाही.

चांदणीच्या ड्रेसरने व्हील खरबरीत आणि भरभर कापणारे होते. ड्रिलला धार लावायला ते थोडे जास्तच खरबरीत वाटते, म्हणून काही जण त्यानंतर सिलिकॉन कार्बाइडची कांडी हलकेच फिरवतात. कांडीही कामाची वस्तू आहे, विशेषतः लहान व्हीलसाठी आणि कडेला छोटी गोलाई देण्यासाठी. पण हातात धरलेल्या कांडीने लंबगोल झालेले व्हील गोल होत नाही, कारण हात व्हीलच्या चढउतारांबरोबर पुढे-मागे होत राहतो. बेंच ग्राइंडरसाठी आडव्या पट्टीत हिऱ्याचे बारीक कण बसवलेला, इंग्रजी टी अक्षरासारखा ड्रेसरही आता सहज मिळतो. घरगुती कामाला तो सोयीचा आहे आणि चांदणीपेक्षा आवाज कमी करतो.

अचूक कामाच्या यंत्रांवर, म्हणजे सपाट पृष्ठभाग घासणाऱ्या सरफेस ग्राइंडरवर आणि गोल जॉब घासणाऱ्या सिलिंड्रिकल ग्राइंडरवर, खऱ्या अर्थाने डायमंड मारतात. एका पोलादी दांडीच्या टोकाला एकच औद्योगिक हिरा पक्का बसवलेला असतो. हा हिरा कॅरटवर विकला जातो, एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि व्हील जितके मोठे तितका हिरा मोठा घ्यावा असा संकेत आहे. चांदणीपेक्षा त्याचे काम मुळातच वेगळे चालते. हिरा फिरत नाही, स्थिर राहतो. कठीणपणाच्या मोहस् मापनात कुरुंद ९ वर आणि हिरा १० वर, त्यामुळे तो कणाला उखडण्याऐवजी तडकवत, कापत जातो. लेथवर टूलने आटे पाडावेत तसाच हा हिरा फिरत्या व्हीलवर एक अतिशय बारीक मळसूत्री रेघ ओढत सरकतो.

त्याची खोली फार थोडी ठेवायची असते, एका फेरीत, म्हणजे हिरा व्हीलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदा नेताना, ०.०१ ते ०.०३ मिलिमीटर. पण माझ्या मते नवशिक्याने खोलीपेक्षा सरकण्याच्या वेगाकडे लक्ष द्यावे, कारण व्हीलचा स्वभाव तिथे ठरतो. एक हिशोब करून पाहू. हिऱ्याचे टोक व्हीलमध्ये शिरलेले असताना त्याची रुंदी अर्धा मिलिमीटर आहे आणि व्हील मिनिटाला १,५०० फेरे घेते असे धरू. व्हीलच्या एका फेऱ्यात हिरा पाव मिलिमीटर सरकला, तर व्हीलच्या प्रत्येक बिंदूवरून हिऱ्याचे टोक दोनदा जाते. २५ मिलिमीटर रुंदीचे व्हील अशा वेगाने ओलांडायला ४ सेकंद लागतात. तेच अंतर १२ सेकंदांत ओलांडले तर प्रत्येक बिंदूवरून टोक सहा वेळा जाते. व्हील तेच, हिरा तोच, खोली तीच. तरी ४ सेकंदांत ड्रेस केलेले व्हील मोकळे, खरबरीत आणि झपाट्याने माल काढणारे होते, तर १२ सेकंदांत केलेले बारीक फिनिश देते, पण लवकर तापते. आणि हिरा इतका भरभर नेला की एका फेऱ्यातले सरकणे टोकाच्या रुंदीहून जास्त झाले, तर मधे पट्टे कोरेच राहतात आणि व्हीलवरचे ते आटे जसेच्या तसे जॉबवर उमटतात. फिनिश चांगले यावे म्हणून काही कारागीर शेवटी खोली न देता दोन-चार रिकाम्या फेऱ्या मारतात. एखादी फेरी ठीक; त्याहून जास्त मारल्या तर आपण कणांची डोकी स्वतःच सपाट करून ग्लेझ झालेले व्हील तयार करत असतो.

हिरा कठीण असला तरी नाजूक आहे. तो सरळ व्हीलच्या केंद्राकडे रोखून कधी धरत नाहीत. व्हील ज्या दिशेने फिरते त्या दिशेने त्याचे टोक १० ते १५ अंश कललेले ठेवतात, म्हणजे तो व्हीलमध्ये रुतत नाही, मागे ओढला जातो. सरफेस ग्राइंडरवर समोरून पाहता व्हील घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर ड्रेसर व्हीलच्या मध्यरेषेच्या थोडा डावीकडे ठेवावा. मॅग्नेटिक चकवरून, म्हणजे चुंबकाने धरून ठेवणाऱ्या यंत्राच्या टेबलावरून, तो चुकून सरकलाच, तर व्हीलपासून दूर जाईल, व्हीलखाली ओढला जाणार नाही. चक पुसून, चुंबक चालू करून, ड्रेसर हाताने हलवून पाहिल्याशिवाय व्हील खाली आणू नये. मग व्हीलचा सर्वांत उंच भाग शोधावा. कोपरे बहुधा आधी झिजलेले असतात, त्यामुळे तो मध्याजवळ सापडतो. कडेपासून सुरुवात करणाऱ्याचा हिरा मधल्या उंचवट्यावर एकदम आदळतो. कूलंट वापरायचे असेल तर ते हिरा टेकण्यापूर्वी चालू असावे आणि शेवटपर्यंत सलग पडावे. तापलेल्या हिऱ्यावर मधेच गार धार सोडली तर तो तडकतो.

आणखी एक सवय, जी न पाळल्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. हिरा एकाच बाजूने वापरत राहिला की त्याचे टोक सपाट होते, म्हणून दांडी अधूनमधून थोडी फिरवून नवा कोपरा पुढे आणायचा असतो. शिकाऊ होतो तेव्हा ज्या वर्कशॉपमध्ये काम करत असे तिथे एकदा कडक केलेल्या प्लेटांवर तपकिरी डाग येऊ लागले. आम्ही कूलंट बदलले, नळीचे तोंड वाकवले, कट निम्मा केला, शेवटी नवे व्हीलसुद्धा चढवले, आणि प्रत्येक वेळी मोठ्या श्रद्धेने त्याला डायमंड मारला. डाग काही जाईनात. ग्राइंडर चालवणाऱ्या एका वयस्क कारागिराने ड्रेसर हातात घेतला, खिडकीकडे धरला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. हिऱ्याच्या टोकाला आरशासारखा सपाट चौकोन पडला होता, चांगला मिलिमीटरभर. दांडीचा स्क्रू इतका गंजला होता की ती कित्येक महिन्यांत कुणी फिरवली नव्हती हे उघड होते. तो हिरा व्हीलला धार लावत नव्हता, पॉलिश करत होता. ढोबळमानाने हा सपाट भाग अर्ध्या मिलिमीटरहून मोठा झाला की हिरा बदलावा किंवा पुन्हा बसवून घ्यावा.

मोठ्या उत्पादनात एकट्या हिऱ्याचे काम कमी वेगाचे ठरते. मग अनेक छोटे हिरे एकत्र बसवलेले ड्रेसर येतात, आणि त्यापुढे हिऱ्यांनी मढवलेला फिरता रोल, ज्याच्या अंगावर जॉबचा आकार आधीच कोरलेला असतो. तो काही सेकंदांत व्हीलला तो आकार देतो. रोल व्हीलच्या बरोबरीच्या वेगाने त्याच्याबरोबर फिरवला, तर दोघांत घसरण उरत नाही आणि कण चिरडून उखडतात, म्हणजे चांदणीसारखे काम होते. रोल थांबवून ठेवला तर घसरण पूर्ण होते आणि एकट्या हिऱ्यासारखे काम होते. या दोन टोकांच्या मधे रोलचा वेग कुठे ठेवायचा यावरून व्हील खरबरीत की बारीक हे ठरते. टाकी आणि रेघ, ठोकणे आणि ओढणे, अशा या दोनच मूळ क्रिया आहेत. ड्रेसरचे बाकीचे सगळे प्रकार त्यांच्यामधल्या कुठल्या तरी पायरीवर बसतात.

ज्या व्हीलचे कणच हिऱ्याचे किंवा त्याखालोखाल कठीण अशा क्यूबिक बोरॉन नायट्राइडचे असतात, त्यांच्यावर हिऱ्याचे टोक चालवणे म्हणजे टोकाचाच नाश. तिथे ट्रूइंग आणि ड्रेसिंग वेगळे होतात. ब्रेक लावलेल्या छोट्या सिलिकॉन कार्बाइड व्हीलशी घासून आधी त्याला गोल करतात. त्यात कण आणि बंध एका पातळीवर येतात आणि व्हील गुळगुळीत, न कापणारे होते. मग पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची ओली कांडी त्यावर दाबतात. कांडीचा चुरा कणांना धक्का लावू शकत नाही, पण मधला राळेचा बंध खरवडून काढतो आणि कण डोके वर काढतात. कार्बाइडची हत्यारे घासणाऱ्या टूल रूममध्ये हे रोजचे काम आहे.

ड्रेसिंग किती वेळा करावे, यावर मालक आणि कारागीर यांचे कधी जुळत नाही, कारण मालकाला डोळ्यांसमोर व्हील झिजताना दिसते. हिशोब मात्र कारागिराच्या बाजूने आहे. ०.०२ मिलिमीटरच्या तीन फेऱ्या म्हणजे त्रिज्येत ०.०६ मिलिमीटरची घट. व्हीलची ३० मिलिमीटर त्रिज्या वापरायजोगी असेल, तर नुसत्या ड्रेसिंगने ती संपायला ५०० वेळा ड्रेस करावे लागेल. याउलट बोथट व्हीलवर काढलेला एक कडक जॉब वरून चकचकीत दिसतो, पण उष्णतेने त्याचा पृष्ठभाग मऊ पडलेला किंवा केसासारख्या भेगांनी भरलेला असू शकतो. म्हणून ठिणग्या एकदम कमी होणे, कट दिल्यावर मोटरचा आवाज जड होणे, जॉबवर लाटांसारख्या खुणा उमटणे किंवा तपकिरी डाग दिसणे, यांपैकी काहीही झाले की दाब वाढवण्याऐवजी ड्रेसर हातात घ्यावा.

ड्रेसिंगची धूळ हा वेगळा विषय आहे. १९व्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे कामगार वाळूच्या दगडाची चाके वापरत, आणि त्या दगडातली सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन त्यांच्यातले पुष्कळ जण अकाली मरत. आजच्या कृत्रिम कणांच्या व्हीलमध्ये तो धोका बराच कमी आहे, पण उखडलेले कण आणि फुटलेला बंध हवेत उडतोच. गॉगल आणि मास्क ड्रेसिंगच्या वेळी धार लावण्याच्या वेळेपेक्षा अधिक गरजेचे आहेत. सैल हातमोजे मात्र घालू नयेत.

व्हील गोल आणि धारदार झाले की टूल रेस्ट पुन्हा पुढे आणायला विसरू नये. रेस्ट आणि व्हील यांच्यात एका सुताहून, म्हणजे ३ मिलिमीटरहून, जास्त फट राहिली तर छोटा जॉब तिच्यात ओढला जाऊन व्हील फुटू शकते. वरच्या झाकणाची पट्टीही व्हीलच्या दोन सुतांच्या आत आणावी. व्हील झिजत जाते तसा त्याच्या कडेचा वेगही उतरतो. २०० चे १५० मिलिमीटर झाले की २९ मीटरचा वेग २२ वर येतो आणि तेच व्हील मऊ झाल्यासारखे वागू लागते. हा ड्रेसिंगचा दोष नव्हे, व्हीलचे वय झाल्याची खूण आहे.

भेग गेलेल्या व्हीलला मात्र कुठलाच ड्रेसर वाचवू शकत नाही. शंका आल्यास व्हील उतरवून, कोरडे करून, बोटावर अधांतरी धरावे आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारावी. भाजलेल्या बंधाचे निकोप व्हील कपबशीसारखे खणकते, फुटलेले बद्द वाजते. राळेच्या बंधाचे व्हील निकोप असले तरी तितके खणकत नाही, त्यामुळे त्याची पारख डोळ्यांनी करावी. बद्द वाजलेले व्हील कोपऱ्यात उभे करून ठेवू नये, तिथल्या तिथे हातोडीने फोडावे. कोपऱ्यातले व्हील दुसऱ्या पाळीत कुणीतरी उचलतो आणि चढवतो.